झेड बोसॉनसोबत बी क्वार्क: नाशिकमध्ये बसून लॅपटॉपवर प्रोटॉनच्या टकरी

जिनेव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दोन प्रोटॉन आदळतात. त्यातून एक झेड बोसॉन (दुर्बल आंतरक्रिया वाहणारा जड कण) निघतो आणि त्याच्याबरोबर एक किंवा दोन बी क्वार्क (क्वार्कचा एक जड प्रकार). या टकरीचं सिम्युलेशन करायला जिनेव्हाला जावं लागत नाही. नाशिकमध्ये एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून ते चार कोअर आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बसतं. लागणारी सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि हा कोलायडर चालवणाऱ्या सीईआरएनमधले गटही हीच वापरतात.

हा विषय निवडण्यामागे ठोस कारण आहे. हिग्ज बोसॉन २०१२ मध्ये सापडला, पण तो बी क्वार्कच्या जोडीत मोडताना ठामपणे दिसायला २०१८ उजाडलं. हिग्ज सुमारे ५८ टक्के वेळा याच वाटेने जातो, तरीही एवढी वर्षं लागली, कारण झेडसोबत साध्या रीतीने तयार होणाऱ्या बी जोड्या हुबेहूब तशाच दिसतात आणि संख्येने कितीतरी जास्त असतात. ही गर्दी नीट मोजता आली तरच तिच्यातला हिग्ज वेगळा काढता येतो. शिवाय प्रोटॉनच्या आत बी क्वार्क किती आहेत, याचा सुगावाही याच टकरींतून लागतो.

खाली मॅडग्राफ५_एएमसी@एनएलओ (मूळ टकरीचा हिशेब), पायथिया ८ (त्यापुढे कण कसे फुटतात ते) आणि रिव्हेट (निकालाचं विश्लेषण) या तिघांना धरून वाट सांगितली आहे. शेर्पा, हर्विग, पॉवहेग हेही चांगले पर्याय आहेत, पण नवख्याने एकच जोडी धरून ठेवावी. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवून टंकायच्या.

संगणक सुरू करण्याआधी: बी क्वार्कला वस्तुमान आहे की नाही?

बी क्वार्कचं वस्तुमान सुमारे ४.७ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) धरतात. झेडचं आहे ९१.१८७६ जीईव्ही. त्यामानाने बी हलका आहे, पण शून्य नाही. म्हणून हिशेबाच्या दोन पद्धती पडल्या आहेत.

चार-फ्लेवर (फ्लेवर म्हणजे क्वार्कचा प्रकार) पद्धतीत बीला वस्तुमान असतं आणि प्रोटॉनच्या आत बी नसतोच, असं धरतात. आत ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) आणि चार हलके क्वार्क. बी जोडी टकरीतच जन्माला येते, म्हणून प्रक्रिया 'पी पी > झेड बी बी~' अशी लिहायची. बी~ म्हणजे बीचा प्रतिक्वार्क. दोन्ही बी हिशेबात पहिल्यापासून असतात, त्यामुळे त्यांच्यातला कोन आणि जोडीचं वस्तुमान पाहायचं असेल तर ही पद्धत सोयीची. बीला वस्तुमान असल्यामुळे ते कितीही जवळ आले किंवा कितीही मंद झाले तरी उत्तर अनंताकडे पळत नाही.

पाच-फ्लेवर पद्धतीत बीचं वस्तुमान शून्य धरतात आणि प्रोटॉनच्या आत बी आधीच आहे असं मानतात. तिथे सगळ्यात साधी प्रक्रिया म्हणजे ग्लुऑन आणि बी आदळून झेड आणि बी. 'किमान एक बी जेट' (जेट म्हणजे एका क्वार्क किंवा ग्लुऑनमधून निघालेला कणांचा झोत) मोजायचा असेल तर ही पद्धत प्रत्यक्ष मोजमापांच्या जास्त जवळ जाते. चार-फ्लेवरचा आकडा तिथे सहसा कमी पडतो.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत. त्यांची मिसळ तेवढी चूक आहे. मॉडेल चारचं, पार्टन वितरण (प्रोटॉनच्या आत कोणते क्वार्क-ग्लुऑन किती, याचं कोष्टक) पाचचं आणि कट (कोणत्या टकरी ठेवायच्या याच्या मर्यादा) तिसऱ्याच कुठल्या उदाहरणातून उचललेले, असं केलं तरी प्रोग्राम कुरकुर करत नाही. तो एक आकडा छापतो आणि त्यापुढे त्रुटीही लिहितो. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत 'चार' किंवा 'पाच' असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि पुढची प्रत्येक फाइल त्या शब्दाशी ताडून पाहा. पहिल्या प्रोजेक्टसाठी चार-फ्लेवर घ्या, असं आम्ही सुचवतो. तिथे नकळत अनंताच्या काठावर जाण्याचा धोका कमी आहे.

मशीनची तयारी

उबंटू २२.०४ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. विंडोज काढायचं नसेल तर त्यातच डब्ल्यूएसएल२ बसवा. मात्र काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलं तर हजारो छोट्या फायली वाचताना वेग फार पडतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको आणि मराठी अक्षरंही नकोत. फोरट्रानचा कम्पायलर तिथे अडखळतो आणि त्रुटीचा संदेश भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

आधी पायथन ३, जीफोरट्रान, जी++, मेक, झेडलिब आणि डब्ल्यूगेट ही पॅकेजं बसवा. मग मॅडग्राफचं संकुचित पॅकेट उतरवून उघडा. त्याला वेगळं इन्स्टॉलेशन लागत नाही. बिन फोल्डरमधली एमजी५_एएमसी ही फाइल चालवली की त्याची स्वतःची आज्ञारेषा येते. तिथे एकामागून एक द्या:

इन्स्टॉल एलएचएपीडीएफ६
इन्स्टॉल पायथिया८

पहिली आज्ञा पार्टन वितरण वाचणारं साधन आणते. दुसरी आज्ञा हेपएमसी (टकरींच्या नोंदी साठवायचं फाइल-स्वरूप) आणि पायथियाशी जोडणारा दुवाही सोबत आणते. इथे सगळं मूळ कोडपासून कम्पाइल होतं, त्यामुळे अर्धा-पाऊण तास धरून चाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. मध्येच जोडणी तुटली तर अर्धवट फोल्डर मागे राहतो, आणि पुढच्या वेळी प्रोग्राम त्यालाच 'झालेलं' समजतो. तसं झालंच तर हेपटूल्स फोल्डरमधला त्या साधनाचा भाग पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करा.

आता पार्टन वितरणाचे संच. एनएनपीडीएफ ३.१ चा नेहमीचा एनएनएलओ संच, क्रमांक ३०३६००, पाच फ्लेवरचा आहे. त्यात १०१ सदस्य असतात: एक मध्यवर्ती आणि १०० प्रतिकृती. चार-फ्लेवरसाठी याच घराण्यातला, नावाच्या शेवटी 'एनएफ_४' असलेला संच लागतो. त्याचा क्रमांक एलएचएपीडीएफच्या यादीतून स्वतः पाहून घ्या, दुसऱ्याच्या कार्डातून उचलू नका.

इन्स्टॉलेशन झाल्यावर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'एनबी_कोअर' हा आकडा प्रत्यक्ष कोअरइतकाच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारही कोअर तासन्‌तास पूर्ण भाराने चालले की लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. मोठी धाव रात्री लावा आणि लॅपटॉपखाली हवा खेळू द्या.

पहिली धाव

मॅडग्राफ उघडल्यावर 'एसएम' मॉडेल आपोआप येतं. त्यात बीचं वस्तुमान ४.७ असतं आणि 'पी' या चिन्हात ग्लुऑन आणि यू, डी, एस, सी हे क्वार्क प्रतिक्वार्कांसह असतात. म्हणजे हे मॉडेल चार-फ्लेवरचंच आहे. तरी 'डिस्प्ले मल्टिपार्टिकल्स' देऊन डोळ्यांनी खात्री करा. मग:

जनरेट पी पी > झेड बी बी~, झेड > ई+ ई-
आउटपुट झेडबीबी_चार
लाँच

इथे थोडं थांबून फाइनमन आकृत्या मोजा. दोन ग्लुऑनपासून झेड बी बी~ साठी आठ आकृत्या दिसल्या पाहिजेत, आणि क्वार्क-प्रतिक्वार्कापासून चार. हे कागदावरही पडताळता येतं. ग्लुऑनच्या जोडीपासून बी जोडी तीन आकृत्यांनी बनते. त्यांपैकी दोघींत झेड चिकटवायला प्रत्येकी तीन जागा आहेत आणि तिसरीत दोन. बेरीज आठ. आकडा वेगळा आला तर प्रक्रिया टंकताना काहीतरी चुकलंय.

स्वल्पविरामाने जोडलेली 'झेड > ई+ ई-' ही रचना झेडला जवळपास खऱ्या वस्तुमानावर धरून ठेवते. किती जवळ, ते 'बीडब्ल्यूकटऑफ' ठरवतो. तो मुळात १५ असतो, म्हणजे झेडच्या रुंदीच्या पंधरापट, दोन्ही बाजूंना सुमारे ३७ जीईव्ही. या रचनेत फोटॉनमधून येणारी इलेक्ट्रॉन जोडी नसते. ती हवी असेल तर थेट 'पी पी > ई+ ई- बी बी~' लिहा. मग आकृत्या दुप्पट होतील, सोळा आणि आठ. अशा वेळी 'एमएमएलएल' म्हणजे जोडीच्या वस्तुमानाची खालची मर्यादा ५० जीईव्ही ठेवा. ती मुळात शून्य असते, आणि शून्यावर सोडली तर नमुना झेडऐवजी हलक्या फोटॉनच्या इव्हेंटनी (इव्हेंट म्हणजे एका टकरीची नोंद) भरून जातो.

झेडला मॅडग्राफमध्ये मोडलंच नाही, पायथियावर सोडलं, तर दोन गोष्टी बिघडतात. झेडचा स्पिन कुठे झुकलेला होता ही माहिती पुढे जात नाही, त्यामुळे लेप्टॉनचे (इथे इलेक्ट्रॉनचे) कोन चुकतात. आणि झेड सुमारे १५ टक्के वेळा स्वतःच बी जोडीत मोडतो. शंभरातल्या पंधरा इव्हेंटमध्ये चार बी दिसले की विद्यार्थी आनंदतात, पण ते बी तिसऱ्याच वाटेने आलेले असतात.

रन कार्ड: इथे घाई नको

लाँच केल्यावर कार्डं, म्हणजे सेटिंगच्या फायली, उघडतात. 'शॉवर' (क्वार्कांमधून पुढचे ग्लुऑन सुटत जाण्याची साखळी) ओळीवर पायथिया८ निवडा आणि रन कार्ड उघडा. त्यातल्या मोजक्याच ओळी महत्त्वाच्या आहेत, पण त्या फार महत्त्वाच्या आहेत.

'ईबीम१' आणि 'ईबीम२' म्हणजे प्रत्येक किरणाची ऊर्जा, जीईव्हीमध्ये. १३ टीईव्हीसाठी ६५०० आणि ६५००. २०२२ पासूनच्या १३.६ टीईव्हीसाठी ६८०० आणि ६८००. दोन्हीकडे १३००० लिहिलं की तुम्ही २६ टीईव्हीच्या यंत्रावर काम करता, आणि कुठेही इशारा येत नाही.

'पीडीलेबल' मुळात एनएन२३एलओ१ असतं. त्याखाली 'एलएचएआयडी' अशी ओळ असते. पीडीलेबल बदलून 'एलएचएपीडीएफ' केल्याशिवाय खालचा क्रमांक वाचलाच जात नाही. कितीतरी जण क्रमांक बदलतात, लेबल तसंच ठेवतात, आणि अहवालात नव्या संचाचं नाव लिहितात. एनएन२३एलओ१ मध्ये तीव्र आंतरक्रियेचा स्थिरांक झेडच्या वस्तुमानावर ०.१३० आहे आणि ३.१ च्या संचात ०.११८. आपल्या प्रक्रियेत या स्थिरांकाचा वर्ग येतो. नुसत्या या फरकाने उत्तर सुमारे २० टक्क्यांनी हलतं.

आता कट. नाशिकमध्ये हे समजावणं सोपं आहे. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी शेवटी पॅकहाउसमध्ये १८ मिलिमीटरच्या कडीतून पाहतात. पण विरळणी होते तेव्हा मणी ज्वारीएवढा असतो. त्या वेळीच कुणी १८ मिलिमीटरची कडी लावली तर बागेत काहीच उरणार नाही, कारण मणी अजून वाढायचा आहे. मॅडग्राफचे कट म्हणजे विरळणी आणि विश्लेषणाचे कट म्हणजे पॅकहाउस. शॉवरनंतर बीचा आडवा संवेग (किरणाला काटकोनात असलेला संवेग) बदलतो. १६ जीईव्हीचा बी शेजारच्या ग्लुऑनला सोबत घेऊन २२ जीईव्हीचा जेट होऊ शकतो, आणि २२ चा १८ वरही येऊ शकतो. विश्लेषणात २० ची मर्यादा असेल आणि मॅडग्राफमध्येही २० च ठेवली, तर खालून वर येणारे सगळे जेट गायब होतात आणि आलेखाची पहिली पट्टी खचते.

म्हणून चार-फ्लेवरमध्ये बीचा कट 'पीटीबी' शून्यच ठेवा. वस्तुमान आहे, घाबरायचं कारण नाही. लेप्टॉनचा कट 'पीटीएल' मुळात १० असतो, तो पुरेसा सैल आहे. पण 'ईटाएल' (लेप्टॉन किरणाच्या दिशेकडे किती झुकू द्यायचा याची मर्यादा) मुळात २.५ असतो आणि बहुतेक विश्लेषणंही २.५ च वापरतात. तो ३ किंवा त्याहून जास्त करा. 'डीआरएलएल' (दोन लेप्टॉनमधलं किमान अंतर) शून्य करा, नाहीतर वेगवान झेडमधून जवळजवळ निघणारे लेप्टॉन हरवतील.

पाच-फ्लेवरमध्ये चित्र पालटतं. तिथे बी हा 'जेट' गणला जातो, म्हणून 'पीटीबी' ऐवजी 'पीटीजे' लागू होतो, आणि तो शून्य ठेवता येत नाही. बी किरणाच्या दिशेला गेला की हिशेब फुगतो. विश्लेषणात २० असेल तर इथे १० ठेवून पाहा. मग ८ ठेवून पुन्हा पाहा. अंतिम आलेख हलला नाही तर कट पुरेसा सैल आहे.

'एनइव्हेंट्स' पहिल्या वेळी १००० ठेवा. सगळी साखळी शेवटपर्यंत चालली की १०,०००, आणि मग हवे तेवढे. 'आयसीड' शून्य असेल तर बीज आपोआप निवडलं जातं. पाच तुकड्यांत धावायचं असेल तर प्रत्येकाला वेगळं बीज स्वतः द्या आणि वहीत लिहा. एकाच बीजाच्या पाच धावा म्हणजे तेच इव्हेंट पाच वेळा. त्रुटी कागदावर कमी दिसते, खऱ्या अर्थाने ती तितकीच असते.

'डायनॅमिकल_स्केल_चॉइस' ही ओळ रिनॉर्मलायझेशन आणि फॅक्टरायझेशनची मोजपट्टी, म्हणजे हिशेब कोणत्या ऊर्जेवर करायचा ते, ठरवते. पर्याय ३ म्हणजे सगळ्या कणांच्या आडव्या वस्तुमानांच्या बेरजेचं अर्ध. या प्रक्रियेसाठी तो समंजस आहे. मोजपट्टी दुप्पट आणि निमपट करून किती फरक पडतो ते पाहा, आणि दोन्ही मोजपट्ट्या विरुद्ध टोकांना नेणाऱ्या जोड्या सोडून द्या. असे सात बिंदू होतात. पहिल्या क्रमाच्या (सगळ्यात साध्या आकृत्या धरून केलेल्या) हिशेबात उत्तर वीस-तीस टक्के सहज डोलतं. ही चूक नाही. या पातळीची अचूकताच तेवढी आहे, आणि अहवालात ती पट्टी दाखवलीच पाहिजे.

पॅरामीटर कार्डात एकच इशारा. झेडची रुंदी तिथे २.४४१ जीईव्ही दिसते, आणि पुस्तकात मोजलेली २.४९५. ती 'दुरुस्त' करायचा मोह होतो. पण मॅडग्राफ झेड-इलेक्ट्रॉन हिस्सा पहिल्या क्रमाने काढतो आणि त्याला पहिल्या क्रमाचीच एकूण रुंदी हवी. एकच बाजू बदलली तर क्रॉस सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप) सव्वादोन टक्क्यांनी खाली येतं. तसंच, चार-फ्लेवर मॉडेलमध्ये बीचं वस्तुमान हाताने शून्य करू नका. त्याने पाच-फ्लेवर होत नाही, कारण प्रोटॉनमध्ये बी अजूनही नसतो. पाच-फ्लेवर हवं असेल तर 'इम्पोर्ट मॉडेल एसएम-नो_बी_मास' अशी सुरुवात करा.

शॉवर आणि हॅड्रॉन

मॅडग्राफचं काम इथे संपतं. पायथिया प्रत्येक क्वार्क-ग्लुऑनमधून पुढचे ग्लुऑन सोडतो, उरलेल्या प्रोटॉनचे तुकडे एकमेकांवर आदळवतो, सगळ्यांचे हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) बनवतो आणि अल्पायुषी हॅड्रॉन मोडतो. पायथियाची मुळातली मोनॅश २०१३ ही जुळणी तशीच ठेवा. आत वापरलेलं पार्टन वितरणही बदलू नका, जुळणीचे आकडे त्या वितरणाला धरूनच बसवले आहेत.

जागेचा प्रश्न इथे येतो. हेपएमसी फाइलमध्ये प्रत्येक इव्हेंटचे शेकडो कण लिहिले जातात. १०,००० इव्हेंटची न दाबलेली फाइल सहज जीबीच्या घरात जाते. पायथिया कार्डात 'हेपएमसीआउटपुट:फाइल' या ओळीत 'फिफो' लिहिलं तर डेटा डिस्कवर न साठवता नळीतून थेट रिव्हेटकडे जातो. त्या वेळी रिव्हेट दुसऱ्या टर्मिनलमध्ये आधीच वाट पाहत असला पाहिजे, नाहीतर धाव थिजून राहते. नवख्याने पहिल्या धावेत दाबलेली फाइलच घ्यावी.

बी जेट कोणता, हे कसं ठरवायचं

इथे बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. इव्हेंटच्या नोंदीत प्रत्येक कणाला ठरावीक क्रमांक असतो. त्यात क्रमांक ५ शोधला की बी क्वार्क सापडतो, हे खरं. पण पायथिया एकाच बीची नोंद प्रत्येक टप्प्यावर नव्याने करतो. मोजायला गेलात तर दोन बीच्या जागी वीस निघतील. शिवाय क्वार्क प्रयोगात दिसतच नाही. म्हणून बी हॅड्रॉन शोधा: ५११, ५२१, ५३१, ५१२२. त्यांतही तेवढेच घ्या जे दुर्बल आंतरक्रियेने मोडतात. ५१३ आणि ५२३ हे उत्तेजित भाऊ फोटॉन सोडून ५११-५२१ होतात. दोघांनाही मोजलं तर एकच बी दोनदा मोजला जातो.

जेट फास्टजेटने (जवळचे कण एकत्र गुंफणारं सॉफ्टवेअर) बनवा: अँटी-केटी पद्धत, त्रिज्या ०.४. त्याआधी झेडचे लेप्टॉन बाजूला काढा, नाहीतर इलेक्ट्रॉनचाच जेट बनून यादीत सगळ्यात वर बसेल. लेप्टॉनभोवती ०.१ च्या शंकूतले फोटॉन त्याच्यात परत मिळवा. त्याला 'ड्रेस्ड' लेप्टॉन म्हणतात. जेटच्या ०.३ अंतरात, ५ जीईव्हीहून जास्त आडव्या संवेगाचा बी हॅड्रॉन असेल तर तो बी जेट. बी हॅड्रॉन दर दहात सुमारे एकदा म्यूऑन आणि न्यूट्रिनो देत मोडतो, आणि तेवढ्याच वेळा इलेक्ट्रॉन देत. म्हणून झेडचे लेप्टॉन शोधताना फक्त 'प्रॉम्प्ट', म्हणजे हॅड्रॉनच्या मोडण्यातून न आलेले लेप्टॉन घ्या. न्यूट्रिनो जेटमध्ये धरले की नाही, तेही लिहून ठेवा. प्रयोगांच्या व्याख्या इथे सारख्या नसतात.

हे सगळं स्वतः लिहिण्याआधी रिव्हेटमध्ये तयार असलेलं झेड अधिक बीचं विश्लेषण चालवून पाहा. त्यात व्याख्या आणि मोजलेले बिंदू दोन्ही असतात. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या अ‍ॅटलास प्रयोगाने १३ टीईव्हीवर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेलं मोजमाप कसोटीला छान आहे. लेप्टॉन २७ जीईव्हीहून वर, जोडीचं वस्तुमान ७६ ते १०६, बी जेट २० हून वर, या चौकटीत किमान एका बी जेटसाठी सुमारे १०.९ पिकोबार्न (क्रॉस सेक्शनचं एकक) आणि किमान दोनसाठी सुमारे १.३ पिकोबार्न. तुमचा चार-फ्लेवरचा पहिल्या क्रमाचा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला तर दचकू नका, ते अपेक्षित आहे. हजारपट वर गेला तर मात्र कुठेतरी पिकोबार्न आणि फेम्टोबार्नची अदलाबदल झाली आहे, आणि दहापट वर गेला तर बहुधा चौकट जुळत नाही.

हिशेब लावणं

नमुन्यातला प्रत्येक इव्हेंट काही खऱ्या इव्हेंटच्या वतीने उभा असतो. त्याचं वजन म्हणजे क्रॉस सेक्शन गुणिले ल्युमिनॉसिटी (एकूण किती टकरी जमवल्या याचं माप), भागिले नमुन्यातले इव्हेंट. समजा क्रॉस सेक्शन १० पिकोबार्न, ल्युमिनॉसिटी १४० व्यस्त फेम्टोबार्न आणि इव्हेंट ५०,०००. १० पिकोबार्न म्हणजे १०,००० फेम्टोबार्न, गुणिले १४०, एकूण १४ लाख. प्रत्येक इव्हेंटचं वजन २८.

झेड इलेक्ट्रॉन जोडीत ३.३६ टक्के वेळा मोडतो. प्रक्रियेत 'झेड > ई+ ई-' लिहिलं असेल तर हा हिस्सा छापलेल्या आकड्यात आधीच आहे. पुन्हा गुणू नका. आणि अ‍ॅटलासशी ताडताना त्यांचा आकडा एका लेप्टॉनप्रकाराचा आहे की दोन्हींचा मिळून, ते वाचून घ्या.

संख्याशास्त्राचा अंदाज सुरुवातीलाच घ्या. १०,००० इव्हेंट म्हटलं की एक टक्का त्रुटी वाटते. पण दोन बी जेटची अट तीनच टक्के इव्हेंट पार करत असतील तर हातात ३०० उरतात आणि त्रुटी जवळपास सहा टक्के होते. त्यांना दहा पट्ट्यांत वाटलं की आलेख करवतीसारखा दिसतो.

पुढचा क्रम

पहिला क्रम नीट बसल्यावरच दुसऱ्याकडे जा. 'जनरेट पी पी > ई+ ई- बी बी~ [क्यूसीडी]' एवढं लिहिलं की मॅडग्राफ फेऱ्यांच्या (लूपच्या) आकृत्यांसह हिशेब मांडतो. लॅपटॉपवर याला कित्येक तास लागतात. इथे काही इव्हेंटचं वजन ऋण असतं. तो बिघाड नाही, दुबार मोजणी वजा करण्याची ती रीत आहे. पण किंमत मोजावी लागते: ऋण इव्हेंटचा वाटा एक चतुर्थांश असेल तर नमुन्याची ताकद एक वजा अर्धा, त्याचा वर्ग, म्हणजे चौथाई उरते. तेवढ्याच अचूकतेसाठी चौपट इव्हेंट. भागाकारही इव्हेंटच्या संख्येने न करता वजनांच्या बेरजेने करायचा.

रन कार्डात 'पार्टन_शॉवर' या ओळीत पायथिया८ लिहा. तिथे मुळात हर्विग६ असू शकतं. वजा करायची पदं शॉवरनुसार वेगळी असतात. एकाची पदं आणि दुसऱ्याचा शॉवर, अशी जोडी लागली तर उत्तर चुकतं आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

अडलं तर

रात्री वीज गेली, बॅटरी संपली, सकाळी पुन्हा लाँच केलं तर 'आधीची धाव चालू आहे' असा संदेश येतो. प्रक्रियेच्या फोल्डरमधली 'रनवेब' ही फाइल पुसा. ती धाव चालू असल्याची खूण असते आणि अचानक बंद पडल्यावर तशीच राहते. म्हणूनच लाखभर इव्हेंटची एक धाव लावण्यापेक्षा दहा-दहा हजारांच्या दहा धावा बऱ्या.

क्रॉस सेक्शन शून्य आलं तर कट एकमेकांना छेद देत आहेत. दोन सलग धावांत ते त्रुटीच्या कितीतरी बाहेर हललं, तर पाच-फ्लेवरमध्ये एखादा कट राहून गेलाय. पार्टन संच सापडत नसेल तर 'एलएचएपीडीएफ_डेटा_पाथ' तपासा. अनेकदा दोन एलएचएपीडीएफ बसलेले असतात आणि संच भलत्याच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो.

झेड अधिक जेटचा मोठा नमुना आणि झेड बी बी~ चा नमुना कधीही नुसते बेरजेत टाकू नका. पहिल्यातही ग्लुऑन फुटून बी जोड्या तयार होतात, त्यामुळे त्याच टकरी दोनदा मोजल्या जातात. दोन्ही हवेच असतील तर बी जोडीच्या कोनावरून वाटणी करा: दूरच्या जोड्या एकातून, अगदी जवळच्या दुसऱ्यातून. झेड अधिक सी करायचं असेल तर हेच सगळं लागू आहे, फक्त सी क्वार्कला या मॉडेलमध्ये वस्तुमान नाही आणि तो प्रोटॉनच्या आत आधीच आहे, म्हणजे त्याच्यासाठी पाच-फ्लेवरची शिस्त पाळायची.

मार्गदर्शक जवळपास नसेल तर पुण्यातली आयसर आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था या दोन्ही याच कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगात आहेत. तिथल्या गटांना लिहिताना 'उत्तर चुकतंय' एवढंच लिहू नका. बॅनर फाइल जोडा. तिच्यात प्रक्रिया, दोन्ही कार्डं, बीज आणि आवृत्ती एकत्र असतात, आणि जाणकाराला चूक बहुधा तिथेच सापडते. डिस्क भरली की हेपएमसी फायली बिनधास्त पुसा. बॅनर आणि बीज जपलं असेल तर त्या पुन्हा बनवता येतात.